नऊ नावं, एक यादी: बेसबॉलमध्ये फलंदाजीचा क्रम आकडेवारीने कसा ठरवतात

१३ ऑगस्ट १९७२. डेट्रॉइट टायगर्सची फलंदाजी थंडावली होती. मॅनेजर बिली मार्टिन यांनी फलंदाजांची नावं चिठ्ठ्यांवर लिहून टोपीत टाकली आणि ज्या क्रमाने चिठ्ठ्या निघाल्या त्याच क्रमाने संघ उतरवला. लांब फटके मारणारा नॉर्म कॅश पहिला आला. एड ब्रिंकमन हा उत्तम क्षेत्ररक्षक, पण फलंदाज म्हणून कच्चा. तो नेमका चौथ्या जागी आला, म्हणजे परंपरेने संघातल्या सगळ्यात ताकदवान फलंदाजासाठी राखलेल्या जागी. टायगर्सनी क्लीव्हलंडविरुद्धचा तो सामना ३-२ असा जिंकला.

एका सामन्यावरून काही सिद्ध होत नाही. पण त्यातून निघणारा प्रश्न खरा आहे. नऊ नावं ३,६२,८८० प्रकारे लावता येतात. टोपीतून काढलेला क्रमही जिंकू शकत असेल, तर मॅनेजर रोज या यादीवर डोकं का खपवतात? गेल्या साठ वर्षांत गणितज्ञ, अभियंते आणि संघांचे विश्लेषक यांनी या प्रश्नाचा पिच्छा पुरवला. त्यातून निघालेलं उत्तर मला फार मोलाचं वाटतं. क्रमाने फरक पडतो, पण लोकांना वाटतो तेवढा पडत नाही, आणि परंपरा ज्या जागांवर भर देत होती त्याहून वेगळ्या जागांवर पडतो.

आधी खेळाची मांडणी. क्रिकेटमध्ये फलंदाज बाद झाला की त्या डावापुरता त्याचा खेळ संपतो. बेसबॉलमध्ये तो फक्त पुन्हा पाळी येईपर्यंत बाकावर बसतो. प्रत्येक संघाला नऊ इनिंग मिळतात आणि तीन फलंदाज बाद झाले की इनिंग संपते. नवव्या फलंदाजानंतर पुन्हा पहिला येतो. एखादी इनिंग पाचव्या फलंदाजावर संपली, तर पुढची सहाव्यापासून सुरू होते. सामना सुरू झाल्यावर हा क्रम मोडता येत नाही. बदली खेळाडू आणला तर तो त्याच जागी खेळतो आणि बाहेर गेलेला परत येत नाही. बेस म्हणजे मैदानावरच्या ठरलेल्या थांब्याच्या जागा; त्या सगळ्या ओळीने पार करून खेळाडू घरी परतला की एक धाव. फलंदाज फटका मारून पहिल्या, दुसऱ्या किंवा तिसऱ्या बेसवर पोहोचतो, त्या फटक्यांना सिंगल, डबल आणि ट्रिपल म्हणतात. पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने, चार चेंडू फलंदाजासमोरच्या ठरलेल्या हद्दीबाहेर टाकले तर त्याला पहिला बेस फुकट मिळतो, त्याला वॉक म्हणतात. चेंडू मैदानाबाहेर गेला तर होम रन, आणि बेसवर जेवढे असतील तेवढे सगळे फलंदाजासकट धाव काढतात.

यात एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची. संघाकडे षटकांचा कोटा नसतो, २७ बादांचा कोटा असतो. ते संपेपर्यंत कितीही फलंदाज खेळू शकतात. म्हणून बाद न होणं ही बेसबॉलमधली सगळ्यात मोठी कमाई आहे. क्रमाचा सगळा हिशोब या एका वस्तुस्थितीवर उभा आहे.

आता जागेचा प्रश्न. एखाद्या खेळाडूला पाचव्याऐवजी दुसऱ्या क्रमांकावर पाठवलं, तर त्याच्या खेळात नेमकं काय बदलतं? दोनच गोष्टी बदलतात. त्याला मिळणाऱ्या पाळ्यांची संख्या, आणि तो उभा राहतो तेव्हा बेसवर कोण आहे व किती बाद झाले आहेत ती परिस्थिती. क्रमाच्या नावाने जी काही चर्चा चालते ती शेवटी या दोन गोष्टींपाशी येऊन थांबते.

पाळ्यांचा हिशोब कागदावरही करता येतो. सामना कधीतरी कोणत्या तरी फलंदाजावर संपणारच. तो नवव्या क्रमांकावर संपला तर सगळ्यांना सारख्या पाळ्या मिळाल्या. चौथ्यावर संपला तर पहिल्या चौघांना बाकीच्या पाचांपेक्षा एक पाळी जास्त मिळाली. अमेरिकेतल्या मेजर लीगमध्ये हंगामात प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो. हे शेवट नऊ जागांवर साधारण सारखे विभागले गेले, तर प्रत्येक जागेच्या वाट्याला १८ सामने येतात. म्हणजे क्रमात एक पायरी खाली गेलं की हंगामात सुमारे १८ पाळ्या कमी होतात. पहिल्या आणि नवव्या फलंदाजात आठ पायऱ्या आहेत, तेव्हा फरक झाला १४४ पाळ्यांचा. पहिल्या जागेला हंगामात साधारण ७५० पाळ्या मिळतात, नवव्या जागेला सुमारे ६१०.

नुसतं एवढंच पाहिलं तर उत्तर सरळ आहे: सगळ्यात चांगला फलंदाज पहिला, मग उतरत्या क्रमाने बाकीचे. खरं सांगायचं तर ही यादीही वाईट ठरत नाही. पण दुसरी गोष्ट, म्हणजे परिस्थिती, हिशोबाला वळण देते.

मैदानावर कोणत्याही क्षणी बेसच्या आठ अवस्था असू शकतात. सगळे रिकामे, फक्त पहिल्यावर धावपटू, पहिल्या आणि तिसऱ्यावर, असं करत सगळे भरलेले. प्रत्येक अवस्थेत बाद झालेले शून्य, एक किंवा दोन. म्हणजे एकूण २४ परिस्थिती. त्या प्रत्येकीपासून इनिंग संपेपर्यंत सरासरी किती धावा होतात, हे हजारो सामन्यांच्या नोंदींवरून काढता येतं. कॅनडाच्या संरक्षण संशोधनात काम केलेले जॉर्ज लिंडसे यांनी १९६३ मध्ये असा तक्ता प्रसिद्ध केला. त्यासाठी लागणाऱ्या शेकडो सामन्यांच्या नोंदी त्यांच्या वडिलांनी जमवल्या होत्या. संगणकीय नोंदी नसलेल्या काळात एका घरातल्या दोघांनी हे काम उभं केलं, याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. आज प्रत्येक संघाच्या विश्लेषणाच्या मुळाशी हाच तक्ता असतो.

२०१० च्या दशकाच्या पहिल्या निम्म्या काळातले आकडे साधारण असे आहेत. बेस रिकामे आणि कोणीही बाद नाही: पुढे सरासरी ०.४८ धावा. बेस रिकामे, एक बाद: ०.२५. बेस रिकामे, दोन बाद: ०.१०. पहिल्या बेसवर धावपटू असेल तर हेच तीन आकडे ०.८६, ०.५१ आणि ०.२२ होतात. सगळे बेस भरलेले आणि कोणी बाद नाही, तर २.२९.

या तक्त्यातून कोणत्याही घटनेची किंमत काढता येते. कोणी बाद नसताना पहिल्या बेसवर धावपटू आहे. फलंदाजाने मुद्दाम हलका टोला देऊन स्वतःचा बळी दिला आणि धावपटूला दुसऱ्या बेसवर सरकवलं. जुन्या काळात दुसऱ्या क्रमांकाच्या फलंदाजाचं हेच मुख्य काम मानलं जाई. आधी अपेक्षा होती ०.८६ धावांची. आता दुसऱ्यावर धावपटू आणि एक बाद, म्हणजे अपेक्षा सुमारे ०.६६. टाळ्या घेणाऱ्या त्या बलिदानाने संघाचा एका धावेचा पाचवा हिस्सा गेला. शेवटच्या इनिंगमध्ये एकच धाव हवी असेल तर गोष्ट वेगळी. पण पहिल्या इनिंगमध्ये हे करण्यासाठी दुसऱ्या जागेवर खास माणूस ठेवणं म्हणजे मोक्याची जागा वाया घालवणं.

परंपरेची यादी अशी होती: पहिला वेगवान, दुसरा बॅटवर ताबा असलेला आणि बळी द्यायला तयार, तिसरा संघातला सर्वोत्तम फलंदाज, चौथा सगळ्यात ताकदवान. न्यूयॉर्क यांकीजनी १९२९ मध्ये खेळाडूंच्या पाठीवर कायमचे क्रमांक घातले तेव्हा ते फलंदाजीच्या क्रमानुसारच दिले. म्हणून बेब रूथच्या पाठीवर ३ आणि लू गेरिगच्या पाठीवर ४. तेव्हापासून या दोन जागांची प्रतिष्ठा इतकी घट्ट झाली की तिच्याकडे हिशोब म्हणून पाहायला पुढची कित्येक दशकं गेली.

पहिल्या जागेपासून सुरुवात करू. पहिला फलंदाज सामन्याच्या सुरुवातीला नेहमीच रिकाम्या बेसवर खेळतो. नंतरही त्याच्या आधी आठवा-नववा, म्हणजे संघातले कच्चे फलंदाज येऊन गेलेले असतात, त्यामुळे त्याला बेस रिकामेच मिळण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त. आता बेस रिकामे असताना वॉक आणि सिंगल यांत काय फरक आहे? काहीच नाही. दोन्हीतून फलंदाज पहिल्या बेसवर पोहोचतो आणि दोन्हीतून अपेक्षा ०.४८ वरून ०.८६ वर जाते. बेसवर धावपटू असतील तर सिंगलची किंमत वाढते, कारण त्याने पुढचा माणूस दोन बेसही पळू शकतो. रिकाम्या मैदानावर हा फायदाच उरत नाही.

म्हणून पहिल्या जागेसाठी पाहायचा आकडा म्हणजे बेसवर पोहोचण्याचं प्रमाण, ज्याला ओबीपी म्हणतात. त्यात फटके, वॉक आणि अंगावर चेंडू लागून मिळालेला बेस हे सगळं धरतात. जुन्या बॅटिंग अ‍ॅव्हरेजमध्ये, म्हणजे फटका मारून बेस मिळवण्याच्या प्रमाणात, वॉक मोजलेच जात नाहीत, त्यामुळे संयमी फलंदाजाची निम्मी कमाई त्यात दिसत नाही. संघ चालवणारे ब्रँच रिकी आणि त्यांचे आकडेतज्ज्ञ अ‍ॅलन रॉथ यांनी १९५० च्या दशकातच या आकड्याचा आग्रह धरला होता. मेजर लीगने तो अधिकृत करायला १९८४ उजाडलं.

दोन खेळाडू शेजारी ठेवले की मुद्दा डोळ्यांसमोर येतो. सेंट लुईस कार्डिनल्सचा व्हिन्स कोलमन १९८६ मध्ये पहिल्या जागी खेळायचा. त्या हंगामात त्याने १०७ बेस चोरले, म्हणजे फटक्याची वाट न पाहता पळून पुढचा बेस गाठला. प्रेक्षकांना त्याच्यासारखा पहिला फलंदाज दुसरा वाटत नव्हता. पण त्याचा ओबीपी होता ०.३०१. दर दहा पाळ्यांत सात वेळा तो बाद होत होता, आणि त्याच्याकडे संघातल्या सगळ्यात जास्त पाळ्या होत्या. आता २०२३ चा फिलाडेल्फिया फिलीजचा काइल श्वार्बर घ्या. बॅटिंग अ‍ॅव्हरेज फक्त ०.१९७, पाय मंद, आणि तरीही हंगामाचा मोठा भाग तो पहिल्या जागी. अनेक जुन्या चाहत्यांना हे पटत नव्हतं. पण त्याने १२६ वॉक घेतले, ओबीपी ०.३४३ होता आणि वर ४७ होम रन. दर हजार पाळ्यांत तो कोलमनपेक्षा ४२ वेळा कमी बाद होत होता. चोरलेल्या बेसचा फायदा खरा आहे, पण चोरी करायला आधी बेसवर पोहोचावं लागतं. शिवाय पकडलं गेलं तर धावपटूही जातो आणि एक बादही. चोऱ्या साधारण ७० ते ७५ टक्के वेळा यशस्वी झाल्या तर हिशोब बरोबरीत येतो. रिकी हेंडरसन याला अपवाद नव्हता, तो दोन्ही बाजूंनी आदर्श होता. कारकिर्दीत १,४०६ चोऱ्या आणि ओबीपी ०.४०१. त्याची थोरवी सांगताना लोक पहिला आकडा सांगतात. संघाला जास्त धावा दुसऱ्याने मिळवून दिल्या असं मला वाटतं.

आता तिसरी जागा. आकडेवारीने परंपरेला खरा धक्का दिला तो इथे.

पहिले दोन फलंदाज चांगले आहेत असं धरा, दोघांचा ओबीपी ०.३४०. म्हणजे दोघंही बाद होण्याची शक्यता ०.६६ गुणिले ०.६६, साधारण ४४ टक्के. पहिल्या इनिंगमध्ये जवळजवळ निम्म्या वेळा तिसरा फलंदाज येतो तेव्हा दोन बाद आणि बेस रिकामे असतात. तक्त्यातली ही सगळ्यात दरिद्री अवस्था: ०.१० धावा. इथे फलंदाजाने वॉक किंवा सिंगल मिळवला तरी अपेक्षा ०.२२ होते, म्हणजे फक्त ०.१२ ची भर. कोणी बाद नसताना याच कामगिरीची किंमत ०.३८ होती. तोच फलंदाज, तेच कौशल्य, आणि मोल एक तृतीयांश. उलट होम रनची किंमत दोन बाद असतानाही पूर्ण एक धाव राहते, कारण त्याला मागून कोणी पुढे न्यायची गरज नसते.

चौथ्या फलंदाजाचं नशीब वेगळं असतं. पहिले तिघे ओळीने बाद झाले तर तो दुसरी इनिंग उघडतो: बेस रिकामे, पण एकही बाद नाही. ओळीने बाद झाले नाहीत तर तो पहिल्याच इनिंगमध्ये येतो आणि बहुतेक वेळा कोणीतरी बेसवर त्याची वाट पाहत असतं. दोन्ही परिस्थिती तिसऱ्याच्या त्या रिकाम्या कोपऱ्यापेक्षा बऱ्या. दुसऱ्या फलंदाजाला तिसऱ्यापेक्षा हंगामात १८ पाळ्या जास्त मिळतात आणि दोन बाद असताना येण्याची वेळ त्याच्यावर कमी येते.

टॉम टँगो, मिचेल लिक्टमन आणि अँड्र्यू डॉल्फिन यांनी २००० च्या दशकात हा हिशोब अनेक हंगामांच्या नोंदींवर तपशीलवार मांडला. निष्कर्ष असा निघाला की संघातले तीन सर्वोत्तम फलंदाज पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या जागी असावेत. त्यातले ज्यांचं बेसवर पोहोचणं चांगलं ते पहिल्या दोन जागांवर, जास्त ताकदवान तो चौथ्यावर. त्यांच्यानंतरचे दोन तिसऱ्या आणि पाचव्या जागी. त्यातही चौथ्या दर्जाच्या फलंदाजाला आधी पाचवी जागा द्यायची. मात्र तो भरपूर होम रन मारणारा असेल तर तिसरी.

‘सर्वोत्तम’ कसं मोजायचं, हा प्रश्न इथे येतो. ओबीपीमध्ये सिंगल आणि होम रन यांना एकच वजन असतं. म्हणून टँगो यांनी डब्ल्यूओबीए नावाचा आकडा तयार केला. त्यात प्रत्येक घटनेला तिच्या धावांतल्या किमतीप्रमाणे वजन दिलेलं असतं. वॉकला सुमारे ०.७, सिंगलला ०.९, डबलला १.२५, ट्रिपलला १.६ आणि होम रनला २ च्या आसपास. ही वजनं २४ परिस्थितींच्या त्याच तक्त्यातून निघतात. सगळ्या परिस्थितींवर सरासरी काढल्यामुळे इथे सिंगल वॉकपेक्षा थोडा वर दिसतो.

एवढं हाती आलं की संपूर्ण यादीचं गणित कसं करतात ते सांगतो. प्रत्येक फलंदाजासाठी शक्यतांची यादी बनवायची. इतके टक्के वॉक, इतके सिंगल, इतके होम रन, बाकी बाद. मग सामना पहिल्या फलंदाजापासून सुरू करायचा. रिकामे बेस, शून्य बाद. त्याच्या शक्यतांनुसार २४ पैकी कोणत्या परिस्थितीत जाण्याची किती शक्यता, ते मांडायचं. मग दुसरा फलंदाज, मग तिसरा. पुढे काय होईल हे फक्त सध्याच्या परिस्थितीवर आणि समोर उभ्या असलेल्या फलंदाजावर अवलंबून आहे, आधी तिथे कसे पोहोचलो यावर नाही, असं या पद्धतीत धरतात. तिला मार्कोव्ह साखळी म्हणतात. ब्रूस बुकिट, एलियट हॅरॉल्ड आणि होसे पालासिओस यांनी १९९७ मध्ये ती फलंदाजीच्या क्रमाला लावून दाखवली. नऊ जणांचे सगळे ३,६२,८८० क्रम असे तपासणं आजच्या संगणकाला जड नाही.

दुसरा रस्ता म्हणजे संगणकावर खोटे सामने खेळवायचे, तेही हजारोंनी. अ‍ॅलन फ्रीझ यांनी १९७४ मध्ये हे केलं आणि क्रमाचा प्रभाव फार थोडा असतो असा निष्कर्ष काढला. तो निष्कर्ष आजही टिकून आहे. नेहमीची बरी यादी आणि गणिताने काढलेली सर्वोत्तम यादी यांत हंगामाला साधारण ५ ते १५ धावांचा फरक निघतो. बेसबॉलमध्ये ढोबळमानाने १० धावा म्हणजे एक विजय. म्हणजे १६२ सामन्यांत एखादा विजय जास्त.

इतका कमी का, तेही पाळ्यांच्या हिशोबातून कळतं. संघातला तारा आणि सामान्य फलंदाज यांत दर पाळीला साधारण ०.०५ धावांचं अंतर असतं. दोघं शेजारच्या जागांवर असतील आणि त्यांची अदलाबदल केली, तर १८ गुणिले ०.०५, एक धावही होत नाही. अगदी उलटं टोक धरलं, सर्वोत्तम फलंदाज नववा आणि सगळ्यात कच्चा पहिला, तरी पाळ्यांपोटी होणारं नुकसान १४४ गुणिले सुमारे ०.१, म्हणजे चौदा-पंधरा धावा. परिस्थितीचा परिणाम त्यावर थोडा वेगळा. आणखी एक कारण रचनेतच आहे. यादी गोल फिरते. ३,६२,८८० क्रमांपैकी नऊ-नऊ क्रम एकाच वर्तुळाचे असतात, फक्त सुरुवातीची जागा वेगळी. तिसऱ्या-चौथ्या इनिंगनंतर कोण कोणाच्या मागे येतं एवढंच उरतं. सुरुवात कुठून केली याचा ठसा पुसट होत जातो. तो ठळक असतो पहिल्या इनिंगमध्ये. म्हणूनच सरासरी सगळ्यात जास्त धावा पहिल्या इनिंगमध्ये होतात, कारण तेवढ्या एकाच इनिंगची सुरुवात कोणी करायची हे संघाने स्वतः ठरवलेलं असतं.

या फरकाबाबत एक गोष्ट लोकांना पटवणं सगळ्यात अवघड जातं. तो डोळ्यांना दिसूच शकत नाही. एका सामन्यातल्या धावा सरासरीच्या आजूबाजूला साधारण तीन धावांनी वर-खाली होतात. १६२ सामन्यांचा मिळून हा चढ-उतार सुमारे ३८ धावांचा होतो. त्यात क्रमाने मिळालेल्या १० धावा शोधायच्या म्हणजे भरतीच्या समुद्रात पाण्याची पातळी बोटभर वाढली का ते किनाऱ्यावरून पाहण्यासारखं आहे. मॅनेजरने क्रम बदलला आणि संघ पुढचे सहा सामने जिंकला, तर श्रेय क्रमाला मिळतं. सहा हरला तर दोषही क्रमाला. दोन्ही वेळा कारण बहुधा क्रम नसतो. टोपीतून काढलेल्या यादीने जिंकलेला सामनाही याच चढ-उतारात सहज बसतो. तरीही हा हिशोब करावा असं मी आग्रहाने म्हणेन, कारण त्याला काहीच खर्च नाही. एका विजयाइतका चांगला खेळाडू आणायला संघाला लाखो डॉलर मोजावे लागतात. यादी नीट लावायला काही मोजावं लागत नाही.

खालच्या जागांमधला सगळ्यात रंगलेला वाद पिचरचा. मेजर लीगच्या दोन भागांपैकी एक असलेल्या नॅशनल लीगमध्ये २०२० चा हंगाम सोडला तर २०२१ पर्यंत पिचरलाही फलंदाजी करावी लागे आणि तो संघातला सगळ्यात कच्चा फलंदाज असे. साहजिकच तो नववा. १९९८ मध्ये कार्डिनल्सचे मॅनेजर टोनी ला रुसा यांनी पिचरला आठव्या जागी आणलं. तिसऱ्या जागी मार्क मॅग्वायर होता, त्या हंगामात त्याने ७० होम रन मारले. नववा फलंदाज जरा बरा असेल तर पहिल्या इनिंगनंतर मॅग्वायरच्या आधी बेसवर माणूस असण्याची शक्यता वाढते, हा विचार होता. किंमत एवढीच की पिचरला हंगामात १८ पाळ्या जास्त मिळतात. हिशोब केला तर ला रुसा यांची चाल किंचित फायद्याची ठरते. पुढे २०१५ मध्ये शिकागो कब्जचे जो मॅडन यांनीही ती वापरली. २०२२ पासून दोन्ही लीगमध्ये पिचरऐवजी ठरलेला फलंदाज खेळतो, त्यामुळे पिचरचा मुद्दा निकालात निघाला. पण त्यातला धडा शाबूत आहे. नवव्या जागी सगळ्यात कच्चा माणूस ठेवण्यापेक्षा थोडा बेसवर पोहोचणारा ठेवणं, कारण त्याच्या लगेच पाठोपाठ संघाचे सर्वोत्तम फलंदाज येतात.

काही समजुती आकड्यांत टिकत नाहीत. ताऱ्याच्या मागे दुसरा तारा ठेवला की पिचर पहिल्याला चांगले चेंडू टाकतो, या ‘संरक्षणा’च्या कल्पनेवर खेळाडूंचा ठाम विश्वास असतो. नोंदींत मात्र वॉकच्या संख्येत थोडा फरक सोडला तर तिचा परिणाम फार फिका दिसतो. डावखुरे-उजवे आलटून-पालटून ठेवण्यात तथ्य होतं, कारण प्रतिस्पर्धी मॅनेजर एकेका डावखुऱ्या फलंदाजासाठी त्याला जड जाणारा डावखुरा पिचर आणत असे. २०२० पासून नव्या पिचरला किमान तीन फलंदाजांना किंवा इनिंग संपेपर्यंत चेंडू टाकावेच लागतात. त्यामुळे सलग तीन डावखुरे फलंदाज ठेवणं आता जास्त महाग पडू शकतं आणि मध्ये एक उजवा ठेवला की त्या पिचरची अडचण होते.

माझ्या मते सगळ्यात मोठी सावधगिरी हवी ती हिशोबात घालायच्या आकड्यांबाबत. ५०० पाळ्यांमध्ये ०.३४० ओबीपी असलेल्या फलंदाजाच्या आकड्यात निव्वळ योगायोगाने ०.०२ इतका चढ-उतार सहज असतो. म्हणजे ०.३५० आणि ०.३३५ या दोघांत खरोखर कोण बरा, हे एका हंगामावरून ठामपणे सांगता येत नाही. मग ‘या पिचरविरुद्ध याने पंधरा पाळ्यांत सात फटके मारलेत’ या माहितीवर कोणाला चौथ्या जागी चढवणं म्हणजे धुरळ्यावर इमला बांधणं. म्हणून विश्लेषक मागच्या तीन हंगामांचे आकडे घेतात, ताज्या हंगामाला जास्त वजन देतात आणि सगळ्यांना थोडं लीगच्या सरासरीकडे ओढून घेतात.

हे सगळं आता मैदानावर दिसतं. टोरंटोचा जॉश डोनाल्डसन २०१५ मध्ये दुसऱ्या जागी खेळून लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. आरॉन जजने २०२२ मध्ये आपला ६२ वा होम रन पहिल्या जागी खेळताना मारला. लॉस एंजेलिस डॉजर्सचा शोहेई ओतानी २०२४ मध्ये मुकी बेट्सच्या दुखापतीनंतर पहिल्या जागी आला आणि ५४ होम रन, ५९ चोऱ्या अशा हंगामातून १३० धावा त्याच्या बॅटवर आल्या. पहिल्या जागी ताकद वाया जाते ही भीती त्याच्याबाबतीत खोटी ठरली, कारण खालच्या जागांवरचे फलंदाजही बेसवर पोहोचत होते.

शेवटी एक यादी लावून पाहू. समजा संघात असे फलंदाज आहेत. ‘क’चा ओबीपी ०.३९०, होम रन मोजके. ‘ख’चा ०.३८५, होम रन ३५. ‘ग’चा ०.३६०, होम रन ४०. ‘घ’चा ०.३१०, पण होम रन ३३. ‘च’चा ०.३४५, डबल पुष्कळ. ‘छ’चा ०.३००, पण पायांना पंख, हंगामात पन्नास चोऱ्या. बाकी तिघे सामान्य. जुन्या पद्धतीने ‘छ’ पहिला आला असता आणि ‘ख’ तिसरा. हिशोबाने ‘क’ पहिला, ‘ख’ दुसरा, ‘ग’ चौथा. तिसऱ्या जागी ‘घ’, कारण दोन बाद आणि रिकाम्या बेसवर होम रन हेच सगळ्यात कामाचं. पाचवा ‘च’, कारण चौथ्यापर्यंत जे बेसवर अडकले त्यांना त्याचे डबल घरी आणतात. ‘छ’ सहावा. त्याच्या मागे सिंगल मारणारे येतात आणि त्यांच्यासमोर चोरलेल्या बेसची किंमत जास्त असते. होम रन मारणाऱ्याच्या आधी बेस चोरून फारसं मिळत नाही, तो कोणत्याही बेसवरून आणतोच. उरलेल्या तिघांतला जो बेसवर जास्त पोहोचतो तो नववा, बाकीचे दोघे सातवा आणि आठवा. उद्या समोर डावखुरा पिचर आला आणि ‘ग’ला डावखुऱ्यांसमोर अडचण होत असेल, तर ‘ग’ आणि ‘च’ यांची अदलाबदल करायची. त्या एका सामन्यात या अदलाबदलीने पडणारा फरक धावेच्या शतांश भागाच्या आसपास असेल.